दोन नद्यांमधली वाट : मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्राची वाटचाल

मुक्ताईनगर तालुक्याचा नकाशा समोर ठेवला की तापी आणि पूर्णा या दोन नद्यांच्या मधोमध ठोकलेली एक पाचर दिसते. पाचरीचे टोक चांगदेवला, जिथे दोन्ही नद्या मिळतात. रुंद बाजू पूर्वेला, जिथे मेळघाटाकडून उतरत आलेले गाविलगडाचे डोंगर संपत संपत सपाटीला लागतात. टोकाकडच्या भागात केळी, कापूस आणि हतनूर धरणाचे पसरलेले पाणी आहे. रुंद बाजूला साग, सलई, अंजन आणि धावड्याचे कोरडे जंगल आहे. वनखात्याच्या भाषेत हा जळगाव वनविभागातला वढोदा वनक्षेत्राचा मुलूख. याच जंगलाचा १२२.७४ चौरस किलोमीटरचा पट्टा २०१४ साली ‘मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र’ म्हणून जाहीर झाला. दशक उलटून गेले, तरी जळगाव शहरातल्या शाळकरी मुलाला विचारले तर तो पाल आणि यावलचे अभयारण्य सांगेल. मुक्ताई-भवानीचे नाव त्याच्या तोंडी अजून बसलेले नाही. ही वाटचाल मुद्दाम लिहावीशी वाटली ती त्यासाठी. आणि आणखी एका कारणासाठी : या जंगलाच्या कडेने जाणाऱ्या मुरमाच्या वाटांवर आता सायकलींची चाके दिसू लागली आहेत. ती चाके कुठवर न्यायची, हा प्रश्न या संस्थेच्या पुढच्या वाटचालीशी बांधलेला आहे.

संस्था हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. राखीव क्षेत्र म्हणजे नुसती रेषा ओढलेली जमीन नव्हे. त्याला कायदा असतो, समिती असते, नित्याचे व्यवहार असतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा. त्याखाली दीर्घकाळ दोनच मोठ्या वाटा होत्या, राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्य. दोन्हींमध्ये माणसाच्या वावरावर कडक बंधने येतात, हक्कांची चौकशी होते, आणि गावकऱ्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो उठवले जाण्याचा. २००२च्या दुरुस्तीने कलम ३६-अ आणले. अभयारण्याला लागून असलेली किंवा एका संरक्षित क्षेत्राला दुसऱ्याशी जोडणारी सरकारी मालकीची जमीन, तिथल्या लोकांशी विचारविनिमय करून, संवर्धन राखीव म्हणून जाहीर करता येऊ लागली. महाराष्ट्रात या कलमाचा पहिला उपयोग २००८ साली नाशिकजवळच्या बोरगडावर झाला. मुक्ताई-भवानीचा पट्टा बोरगडाच्या कितीतरी पट मोठा, आणि त्याचे काम पूर्णपणे वेगळे : तो जोडण्यासाठी जन्माला आला.

काय जोडायचे होते ते पाहू. पश्चिमेला, तापीच्या पलीकडे, सातपुड्याच्या कुशीत यावल अभयारण्य आहे. ते १९६९ सालचे, सुमारे पावणेदोनशे चौरस किलोमीटरचे, अनेर आणि सुकी नद्यांच्या खोऱ्यातले. पूर्वेला मेळघाट, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. मेळघाटाच्या अलीकडे, बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात, अंबाबरवा अभयारण्य १९९७ मध्ये झाले. म्हणजे पूर्वेला वाघाचे घर होते, पश्चिमेला वाघाला पुरेल असे डोंगर होते, आणि मधली कडी मात्र कागदावर साधे वनक्षेत्र होती. वाघाला कागद वाचता येत नाही. तो या मधल्या जंगलात येतच होता. चारठाणा, डोलारखेडा, सुकळी, नांदवेल, दुई या गावांच्या शिवारात पाऊलखुणा दिसत होत्या, गुरे मारली जात होती. जिल्ह्यातले वन्यजीव कार्यकर्ते ठशांची आणि शिकारींची नोंद ठेवून वनखात्याकडे पाठपुरावा करत राहिले. २०१४च्या घोषणेमागे ही चिकाटी आहे.

या जंगलाची एक गोष्ट महाराष्ट्रात इतरत्र फारशी ऐकू येत नाही. इथला वाघ केळीच्या बागेत मुक्काम करतो. उन्हाळ्यात खान्देशात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, पानगळीचे जंगल उघडे पडते, नाले आटतात. त्याच वेळी जंगलाला लागून असलेल्या केळीच्या बागेत गच्च सावली असते, ठिबकने ओलावलेली गार माती असते, आणि रानडुकरे व रोही तिथे आधीच आलेले असतात. वाघाच्या दृष्टीने ही बाग म्हणजे जंगलाचाच सर्वांत चांगला भाग. डोलारखेड्याच्या शिवारात वाघीण पिलांसह केळीत असल्याच्या बातम्या खान्देशाने वाचल्या आहेत. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या केळीचा हाही एक उपयोग आहे, जो कुठल्या प्रमाणपत्रात लिहिलेला नाही.

पण ही गोष्ट शहरात बसून ऐकायला जितकी गोड, तितकी शेतकऱ्याला नाही. शेतीपंपाची वीज पाळीने येते, पाळी अनेकदा रात्रीची असते. बागेत वाघ आहे हे माहीत असून पाणी धरायला जायचे, याला धैर्य म्हणायचे की नाइलाज, ते त्या माणसालाच ठाऊक. कटाईला मजूर येत नाहीत, आले तर टोळीने आणि दिवस वर आल्यावर. गोऱ्हा मारला गेला तर पंचनामा, अर्ज, भरपाईची वाट. तरीही या गावांनी वाघासोबत दिवस काढले आहेत. राखीव क्षेत्राच्या वाटचालीत ज्यांचा उल्लेख सर्वांत आधी व्हायला हवा, ते हे शेतकरी आणि गुराखी. जंगलालगतच्या शेतांना दिवसा वीज देणे हे माझ्या मते इथल्या वाघासाठी करता येण्यासारखे सर्वांत मोठे काम आहे, आणि ते वनखात्याच्या हातात नाही.

कलम ३६-ब समितीबद्दल आहे आणि ते प्रत्येक गावकऱ्याने वाचावे असे आहे. राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत वनखात्याचा प्रतिनिधी सदस्य-सचिव असतो. ज्या ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत क्षेत्र येते त्या प्रत्येकीचा एक प्रतिनिधी असतो. वन्यजीव क्षेत्रात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे तिघे असतात, शिवाय कृषी आणि पशुसंवर्धन खात्याचा एकेक. म्हणजे कायद्याने गावाला इथे खुर्ची दिली आहे. अभयारण्यात माणसाच्या प्रवेशालाच बंधन घालणारे पोटकलम संवर्धन राखीव क्षेत्राला लावलेले नाही. आग लावणे, विषारी पदार्थ टाकणे, प्राण्यांना छेडणे आणि कचरा टाकणे यांना मनाई करणारी कलमे मात्र लावली आहेत. लोकांनी राहायचे, पण कसे राहायचे ते सांगणारी ही रचना आहे. राखीव वनाचे नियम अर्थातच वेगळे आहेत आणि ते चालूच राहतात. म्हणून बाहेरच्या माणसाने आत शिरायचे तर वनखात्याची परवानगी घ्यायलाच हवी.

जोडणाऱ्या जंगलाची किंमत काय असते हे २०१९ साली एका वाघाने दाखवून दिले. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला हा तरुण नर. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याचा प्रवास माणसांना कळला. जूनमध्ये तो घर सोडून निघाला, तेलंगणाला शिवून मराठवाडा आणि विदर्भाचे अनेक जिल्हे ओलांडले आणि डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. एक हजार किलोमीटरहून बराच जास्त प्रवास, बहुतेक रात्रीचा, नाल्यांच्या आणि ओढ्यांच्या आडोशाने. ज्ञानगंगा आपल्या मुक्ताईनगरच्या दक्षिणेला, पूर्णेच्या पलीकडच्या डोंगरात. त्या वाघाने शेकडो शेते ओलांडली, कारण त्याला सलग जंगल मिळाले नाही. वढोद्याच्या जंगलातून जाणाऱ्या वाघाला तेवढी पायपीट करावी लागू नये, यासाठीच ही १२२ चौरस किलोमीटरची तरतूद.

आता वाटांकडे येतो.

या पाचरीत डांबरी रस्ते आहेत तेवढेच, पण कच्च्या वाटांचे जाळे दाट आहे. शेतात जाणारे पाणंद रस्ते, दोन गावांच्या शिवेवरचे शिवरस्ते, बैलगाडीच्या चाकोऱ्या पडलेल्या गाडवाटा, पाटाच्या कडेचे बांध, आणि डोंगराच्या पायथ्याला वनखात्याचे मुरमाचे रस्ते. मातीही दोन तऱ्हेची. नद्यांजवळ खोल काळी माती. ती कोरडी असताना फरशीसारखी टणक आणि पाऊस पडला की सायकलचे चाक दहा पावलांत जाम करणारी. डोंगराकडे मुरूम आणि बरड, जिथे पाणी थांबत नाही आणि पावसाळा ओसरताच चाक चालू लागते. सायकलीच्या जगात अलीकडे ज्या प्रकाराला ग्रॅव्हल बायकिंग म्हणतात, म्हणजे शर्यतीच्या सायकलीसारखे वाकडे हँडल आणि पस्तीस ते पन्नास मिलिमीटर रुंद, खाचांचे टायर घेऊन डांबर सोडून लांब पल्ला मारणे, त्यासाठी हा मुलूख जणू आखून ठेवलेला आहे. चढ फार उभे नाहीत, वस्ती फार दूर नाही, आणि दर काही किलोमीटरला जमिनीचा रंग बदलतो.

या खेळाचा इतिहास लहान आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ मध्ये ३४ जणांनी गवताळ टेकड्यांमधल्या खडीच्या रस्त्यांवर दोनशे मैल सायकल चालवली. ती शर्यत आज ‘अनबाउंड’ या नावाने जगभर माहीत आहे. २०२२ मध्ये इटलीच्या व्हेनेतो भागात या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. मला मात्र या दोन्हींपेक्षा महत्त्वाची वाटते ती इटलीतलीच एक जुनी घटना. तस्कनीमध्ये द्राक्षमळ्यांतून जाणाऱ्या पांढऱ्या मुरमाच्या वाटा एकामागून एक डांबराखाली चालल्या होत्या. जानकार्लो ब्रोची या गृहस्थाने १९९७ साली गायोले इन कियांती या गावातून जुन्या सायकलींची एक फेरी काढली, ‘लेरोइका’. हेतू स्पष्ट होता : या वाटा पाहायला, त्यांवरून जायला माणसे आली, तर त्या वाटा राहतील. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्याच वाटांवर व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत सुरू झाली. कच्ची वाट ही मागासपणाची खूण मानली जात होती, ती त्या मुलखाची ओळख झाली.

हे उदाहरण जसेच्या तसे आपल्याकडे लागू नाही, आणि ते लागू करूही नये. जंगलाच्या कडेच्या गावातून बाळंतीण दवाखान्यात न्यायची तर डांबरी रस्ता हवाच. सायकलवाल्यांच्या हौसेसाठी गावाने चिखल तुडवत राहावे असे कुणी म्हणू नये. प्रश्न आहे तो गावाच्या पलीकडच्या वाटांचा. जंगलाच्या पायथ्याची वाट रुंद आणि गुळगुळीत झाली की तिच्यावर रात्री भरधाव वाहने येतात, वाळूचे ट्रॅक्टर येतात, आणि लाकूडही त्याच वाटेने बाहेर जाते. मुरमाची वाट मुरमाचीच राहिली तर ती जंगलाचे कुंपण होते. तिच्यावर वनरक्षकाची गस्त, गुराखी आणि दिवसाउजेडी सायकल, एवढ्यांनी जावे.

म्हणून सायकलीची वाट कडेकडेने असावी, आतून नव्हे. मुक्ताईनगरहून निघावे, कोथळीला मुक्ताईच्या जुन्या मंदिरात हात जोडावेत, आणि चांगदेवला संगमावर जावे. तिथले चांगदेवांचे दगडी मंदिर भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. इथून खाली तापीवर एकेचाळीस दरवाजांचे हतनूर धरण आहे. त्याचे मागे सरकलेले पाणी संगमापर्यंत आणि वर पसरते, आणि हिवाळ्यात त्यावर स्थलांतरित बदकांचे थवे उतरतात. पक्षी पाहणाऱ्यांना हा जलाशय अनेक वर्षांपासून माहीत आहे. सायकलवाल्यांनी दुर्बीण सोबत ठेवावी. तिथून तापीच्या अंगाने मेहूण, जिथे मुक्ताई गुप्त झाल्या अशी श्रद्धा आहे, आणि पुढे अंतुर्लीच्या बाजूचे केळीचे शिवार. केळीतली वाट सायकलीला वेगळाच अनुभव देते : दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर पाने, वारा बंद, आवाज फक्त टायरखालच्या वाळक्या पाल्याचा. मग डोंगर दिसू लागतो. डोलारखेडा, सुकळी, नांदवेलच्या बाजूला गावरस्त्याने जावे, जंगल हाताशी ठेवून, पण जंगलात न शिरता. कुऱ्ह्याला बाजारपेठ आहे, चहा आहे, पंक्चरवाला आहे. तिथून परत पूर्णेकडे उतरावे.

पंक्चरवाल्याचा उल्लेख उगाच केलेला नाही. या भागात बाभळीचा आणि वेड्या बाभळीचा काटा वाटेवर पडलेलाच असतो; ट्यूबलेस टायरमध्ये भोक बुजवणारे द्रव घालूनच यावे आणि तरीही जोड सोबत ठेवावी. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर सकाळी दहा वाजताच ऊन अंगावर येते, आणि आटत्या पाणवठ्यांमुळे तेव्हा जनावरांनाही आपली अडचण सोसवत नाही.

जनावरांबाबत सायकलवाल्याने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मोटारीचा आवाज दुरून येतो, पायी माणूस सावकाश येतो. सायकल मात्र आवाज न करता वेगाने येते. वळणावर अस्वल किंवा रानडुक्कर असेल तर त्याला पळायला वेळच मिळत नाही, आणि दचकलेले अस्वल अंगावर येते. म्हणून वळणाआधी घंटी वाजवावी, वेग कमी करावा, गप्पा मोठ्याने माराव्यात. सूर्य उगवून तासभर झाल्याशिवाय निघू नये आणि मावळायच्या तासभर आधी डांबरी रस्त्यावर यावे. वाघाचा ठसा दिसला तर त्याचे छायाचित्र जागेच्या खुणेसह समाजमाध्यमांवर टाकू नये. ते वनरक्षकाला दाखवावे. बागेत वाघ असल्याची खबर कानावर आली तर तिकडे चाक वळवू नये. त्या शेतकऱ्याच्या घरी आधीच पुरेशी काळजी आहे.

वाट संस्था कशी होते, हे मुक्ताईनगरला शिकवायची गरज नाही. संत मुक्ताईंची पालखी तीन शतकांहून अधिक काळ इथून पंढरपूरला जाते. पाचशे किलोमीटरहून अधिक चालून, मोताळा ओलांडून राजूर घाटातून बुलढाण्याला चढून, चिखली, देऊळगाव राजा, जालना, अंबड, गेवराई, बीड असे मुक्काम करत ती भीमेकाठी पोहोचते. त्या वाटेवर एकही फलक नसला तरी चुकायला होत नाही, कारण प्रत्येक मुक्कामाला यजमान ठरलेला आहे. कुणाच्या घरी पाणी, कुठल्या गावी भोजन, कुठल्या मंदिरात रात्र, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. २०२० साली कोरोनामुळे पायी वारी थांबली तेव्हा पादुका एसटीने गेल्या, पण मान आणि क्रम मोडला नाही. सायकलीची वाट काही वारी नव्हे, आणि तिला ते पावित्र्य चिकटवायचेही नाही. पण यजमान असल्याशिवाय वाट टिकत नाही हा धडा तिथून घ्यायचा. बाहेरचा सायकलस्वार पाण्याची बाटली भरून आला, छायाचित्रे काढली आणि निघून गेला, तर गावाला काय मिळाले? त्याने गावात जेवावे. हिवाळ्यात वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी शिवारात होतेच. गावातला पोर वाटाड्या म्हणून घ्यावा आणि त्याला त्याचे पैसे द्यावेत. वाघामुळे चार पैसे घरात आले, हा अनुभव या गावांना आजवर फार थोडा आला आहे.

पुढची दहा वर्षे मागच्या दहांपेक्षा अवघड जातील असे मला वाटते. इंदूरकडून बऱ्हाणपूरमार्गे येणारा महामार्ग याच पाचरीतून जातो. तो रुंद होईल तसा वाघाच्या पूर्व-पश्चिम वाटेवर भिंत उभी राहील. ठिकठिकाणी खालून पुरेसे उंच आणि रुंद भुयारी मार्ग ठेवले नाहीत तर २०१४ची घोषणा अर्धी राहील. कुऱ्हा-वढोदा-इस्लामपूर उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षे रखडली आहे. ती व्हावी, कोरडवाहू शेतकऱ्याचा तो हक्क आहे. पण पाणी आले की केळी आणखी डोंगराजवळ सरकेल आणि वाघही बागेत अधिक दिवस राहील. त्या दिवसाची तयारी आत्ता करायला हवी : भरपाई वेळेत, वीज दिवसा, आणि रानडुकरांसाठी लावल्या जाणाऱ्या वीजप्रवाहाच्या तारांवर कठोर लक्ष. ती तार वाघ आणि डुक्कर असा भेद करत नाही, आणि माणूसही त्यात जातो.

सायकलीच्या वाटेचा निर्णय त्या समितीनेच करावा, जिथे कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला जागा दिली आहे. कुठल्या वाटा खुल्या, कुठल्या महिन्यांत, दिवसाला किती जण, शुल्क किती आणि त्यातले गावाला किती, हे ग्रामसभांत बोलून ठरवावे आणि नकाशा वनक्षेत्र कार्यालयाच्या भिंतीवर लावावा. जिल्ह्यातल्या सायकल मंडळांनी स्वतःचे मार्ग परस्पर जाहीर करण्याआधी या समितीकडे लेखी जावे. तोवर जळगाव, भुसावळ, बऱ्हाणपूर किंवा पुण्याहून येणाऱ्या सायकलस्वारांना विनंती एवढीच : गावरस्त्यांवर राहा, वनहद्दीचा दगड दिसला की परवानगीशिवाय पुढे जाऊ नका, आणि निघण्यापूर्वी वढोदा वनक्षेत्र कार्यालयात आपली नावे नोंदवा.